सेल्फ घेईना तेव्हा

गॅरेजमध्ये विनाअपराध शिक्षा भोगणाऱ्या भागांची यादी केली तर बॅटरीचं नाव बरंच वर येईल, असं मला वाटतं. सकाळी किल्ली फिरवली, ‘टक्’ झालं, पुढे काहीच नाही. शेजारी म्हणतो बॅटरी गेली. वॉचमन म्हणतो बॅटरी गेली. फोनवर मेव्हणाही तेच सांगतो. दुपारपर्यंत काही हजारांची नवी बॅटरी बसते, गाडी चालू होते आणि तिघांचंही निदान बरोबर ठरतं. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ‘टक्’.

नव्या बॅटरीमुळे गाडी चालू झाली म्हणजे दोष जुन्या बॅटरीतच होता, हे सिद्ध होत नाही. अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल तरी नवी बॅटरी दुकानातून भरून आलेली असते, ती आठवडाभर गाडी ओढते. टर्मिनल सैल असेल तर बॅटरी बदलताना ते आपोआप घासून, आवळून बसवलं जातं. दोष गेला तो आवळण्याने, श्रेय मिळालं बॅटरीला. बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटर (गॅरेजच्या बोलीत आजही ‘डायनमो’) हे तिघे एका साखळीत आहेत. त्यांना जोडणाऱ्या जाड तारा आणि अर्थिंग हा चौथा गडी कोणाच्या लक्षात राहत नाही. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर सहज खपतं. ते वेगळं काढायला दोन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. फक्त तो कधी लावायचा, हे कळलं पाहिजे. गाडी निवांत उभी असताना घेतलेला आकडा फार थोडं सांगतो. प्रवाह वाहत असताना घेतलेला आकडा जवळजवळ सगळं सांगतो.

आधी थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून बराच जास्त. १५० अँपिअर धरू, आणि त्या वेळी बॅटरीवर १० व्होल्ट. म्हणजे दीड किलोवॉट, जवळपास दोन अश्वशक्ती. पण इंजिन चालू व्हायला लागतात जेमतेम दोन सेकंद. १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.०८ अँपिअर-तासाच्या आसपास. मारुतीच्या लहान गाड्यांत असते तशा ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतला हा चारशेवा हिस्साही नाही. गाडी चालू करायला विजेचा मोठा साठा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, पण प्रचंड जोर. बॅटरी म्हातारी होते तेव्हा बहुधा हा जोर आधी जातो. साठा थोडाफार शिल्लक असतो, म्हणून हॉर्न वाजतो, टेप चालतो, दिवे लागतात आणि मालक म्हणतो, ‘बॅटरी तर ठीक आहे!’

या थोड्या वेळच्या जोरावरच सेल्फ स्टार्टरचा शोध उभा आहे. त्याआधी गाडीच्या नाकात हँडल घालून ते हाताने फिरवावं लागे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडे. आपल्याकडे अँबॅसिडर आणि जीपच्या सामानात हे हँडल पुढेही कितीतरी वर्षं होतं. विजेच्या मोटरने इंजिन फिरवावं ही कल्पना नवी नव्हती. पण त्यासाठी लागणारी मोटर आणि बॅटरी गाडीत मावणार नाही, असं जाणकार मानत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनचे चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवणारी छोटी मोटर बनवली होती. ते काम करताना त्यांना ठाऊक झालं होतं, की जी मोटर क्षणभरच चालायची आहे तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त काम काढून घेता येतं. ती तापेल, पण तापून जळण्याआधी तिचं काम संपलेलं असेल. त्यांचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. आजचा सेल्फही तसाच आहे, त्याला विश्रांती लागते. दहा सेकंदांहून जास्त वेळ तो सलग मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला थंड व्हायला वेळ द्यावा, यामागचं कारण हेच.

बॅटरी तर केटरिंगच्याही आधीची. फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. मूळ रसायन आजही तेच. एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, असे सहा सेल एकापुढे एक, म्हणजे १२.६. बारा व्होल्टची म्हणतो ती पूर्ण भरलेली बॅटरी बाराची नसतेच. मीटरवर बरोबर १२.० दिसले तर ती तीन चतुर्थांश रिकामी आहे असं समजावं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ वर तिच्यात काम करण्यासारखं काही उरलेलं नसतं. एकीकडे भरलेली आणि दुसरीकडे रिकामी, मध्ये फरक जेमतेम पाऊण व्होल्टचा! म्हणून दशांशानंतरचे दोन आकडे दाखवणारा मीटर घ्यावा. काट्याच्या जुन्या मीटरवर हा फरक डोळ्यांना कळत नाही.

हे वाचन घेतानाही एक मेख आहे. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावर थोडा वरवरचा चार्ज असतो आणि मीटर १२.८, १३ असे गोड आकडे दाखवतो. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावावेत, बंद करावेत, थोडं थांबावं आणि मग मीटर लावावा.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. इंटरनेटवर फिरणारे बहुतेक तक्ते थंड देशांचे आहेत. तिथल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाचं विशिष्ट गुरुत्व १.२६५च्या आसपास असतं. उष्ण देशांसाठी अनेकदा मुद्दाम थोडं सौम्य, १.२४०च्या जवळपासचं आम्ल भरतात. तीव्र आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्लेटा लवकर झिजतात, म्हणून. सेलचा दाब, म्हणजे व्होल्ट, काढायचा एक ढोबळ नियम आहे: विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवा. १.२६५ला सेलचे २.१०५ व्होल्ट येतात, बॅटरीचे १२.६३. १.२४०ला सेलचे २.०८, बॅटरीचे १२.४८. म्हणजे अशी पूर्ण भरलेली, धडधाकट बॅटरी परदेशी तक्त्यावर ‘पाव रिकामी’ ठरते. बॅटरीवाल्याने तक्ता दाखवून घाबरवलं तर एवढा हिशेब जवळ असलेला बरा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरसारखा खरं बोलणारा साक्षीदार नाही. मल्टीमीटर सहाही सेलांची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेका सेलचं वेगळं सांगतो. पाच सेल १.२४०वर आणि एक १.१८०वर असेल, म्हणजे ०.०५०पेक्षा जास्त फरक असेल, तर तो सेल गेला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी दगा देणार. पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावं. उडून जातं ते पाणी, आम्ल जागेवरच राहतं. वरून आम्ल ओतणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्या हातून बॅटरी दोन दिवस तेज होते आणि कायमची मरते. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा म्हणजे आत बसवलेला छोटा हायड्रोमीटरच, पण तो सहांपैकी एकाच सेलमध्ये असतो. तो हिरवा असताना बाकीच्या पाचांचं काय चाललंय, ते त्यालाही माहीत नसतं.

आता मुख्य परीक्षा. नळ बंद असताना पाइप अर्धा गाळाने भरलेला असला तरी दाब पूर्ण दिसतो. नळ उघडला की धार किती ते कळतं. बॅटरीचा नळ उघडायचा म्हणजे सेल्फ मारायचा. मीटरची दोन्ही टोकं बॅटरीच्या खांबांवर धरायची आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, शर्टाची बाही आणि ओढणी पंख्यापासून लांब. इंजिन लगेच चालू होऊन वाचन निसटू नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवता येतो. इंजिन फिरत असताना मीटर १० व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी तगडी. ९.६च्या खाली जात असेल तर संशय घ्यावा. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी आणि पुन्हा तपासावी. उपाशी माणसाला दुबळा ठरवण्याची घाई इथे फार होते.

हा आकडा का पडतो? प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. नव्या बॅटरीचा पाच मिलिओहम धरला तर १५० अँपिअरला पाऊण व्होल्ट आतच खर्च होतो. बॅटरी जुनी होऊन प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमले आणि रोध वीस मिलिओहमवर गेला की तीन व्होल्ट आतच जिरतात. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फला साडेनऊच देते. दोन्ही बॅटऱ्या निवांत असताना मीटरला सारख्याच दिसतात.

बॅटरीच्या दुकानातला दोन चिमट्यांचा लोड टेस्टर हेच करतो, फक्त सेल्फऐवजी तापणाऱ्या धातूच्या पट्टीतून प्रवाह ओढतो. नियम असा, की बॅटरीवर लिहिलेल्या सीसीएच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद ओढावा आणि दाब ९.६च्या वर राहावा. सीसीए म्हणजे उणे १८ अंश तापमानात ३० सेकंद किती अँपिअर देता येतील त्याचं माप. चंद्रपूरच्या माणसाला ते वाचून हसू येईल, पण दोन बॅटऱ्यांच्या ताकदीची तुलना करायला ते चालतं. हल्ली दुकानांत हातात मावणारा आणि कागदाची चिठ्ठी छापणारा टेस्टर असतो. तो मोठा प्रवाह ओढत नाही. बारीक उलटसुलट संकेत बॅटरीत सोडून तिची वाहकता मोजतो. ही पद्धत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या कीथ चँप्लिन यांनी १९७०च्या दशकात मांडली. यंत्र झटपट आणि सुरक्षित आहे, पण रिकाम्या बॅटरीवर ते गोंधळतं. चिठ्ठीवर ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असं आलं असताना ‘बदला’ असं वाचून दाखवणारा दुकानदार भेटला, तर चिठ्ठी स्वतःच्या हातात घ्यावी.

मीटर हाताशी नसेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे पूर्ण विझले तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल सैल. दिवे जरा मंद झाले आणि इंजिन फिरलं तर ठीक. दिवे तसेच लखलखीत राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. तिथे बॅटरी बदलून काही होणार नाही. सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच), रिले, इग्निशन स्विच, ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रलचा स्विच, यांच्याकडे बघावं. आवाजही सांगतो. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला तर सोलेनॉइड ओढून धरतोय, मोठा प्रवाह सुरू होताच दाब कोसळतोय, तो सुटतोय, दाब सावरतो की पुन्हा ओढतोय. कारण बहुधा उतरलेली बॅटरी किंवा घाण टर्मिनल. एकच ठाशीव ‘टक्’ आणि शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन (ब्रश) किंवा अडकलेला सेल्फ. सेल्फला हातोडीची हलकी टपली मारल्यावर तो चालतो, हा रस्त्यावरचा उपाय खोटा नाही. कार्बन क्षणभर कम्युटेटरवर टेकतो एवढंच. टपलीने चाललेला सेल्फ मात्र त्याच आठवड्यात उतरवून उघडायला हवा.

आता चौथ्या गड्याकडे, म्हणजे तारांकडे. इथे जरा जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त बॅटऱ्या यांच्यापायी नाहक बदलल्या जातात. १५० अँपिअरच्या वाटेत शतांश ओहमचा अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो. शतांश ओहम म्हणजे टर्मिनलखाली जमलेला पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर तो दिसणार नाही. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याच्या वीस-तीस पट असतो. शिवाय जाड केबलच्या पन्नास तारांपैकी पंचेचाळीस तुटल्या असल्या, तरी ओहम मोजताना उरलेल्या पाच ‘सगळं ठीक’ म्हणून सांगतात.

म्हणून ओहम मोजायचाच नाही. हरवलेला व्होल्ट मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन खांबाच्या शिशावर टेकवा. क्लॅम्पवर टेकवलं तर क्लॅम्प आणि खांब यांच्यातला दोष हिशेबातून निसटेल. दुसरं टोक सेल्फवर जाड केबल जिथे बसते त्या बोल्टवर. आत्ता वाचन काय येतं याला महत्त्व नाही. किल्ली फिरवा आणि इंजिन फिरत असताना पाहा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट या वाटेवर हरवतायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर एकेक टप्पा पुढे सरका: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं टोक, सोलेनॉइडच्या एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत. कुठल्याही एका सांध्यावर ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं की चोर सापडला. मग ऋण बाजू. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ. इथे ०.२ ते ०.३च्या आत हवं.

ऋण बाजूकडे कोणी बघत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम करताना ती सोडतात आणि बसवताना कधी विसरतात, कधी रंगावरच आवळतात. मग शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह मिळेल ती वाट धरतो. जुन्या गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. गाडी नीट चालू होत नाही आणि ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते, अशी चमत्कारिक तक्रार आली तर कसलेला ऑटो इलेक्ट्रिशियन बॉनेट न उघडताच ‘अर्थिंग’ म्हणतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे सांधे लवकर खातात. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं की खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून धुवावं. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. मग टर्मिनल घासून, आवळून वरून व्हॅसलीन लावावं. सोडताना आधी ऋण टर्मिनल, बसवताना ते शेवटी. नाहीतर धन टर्मिनलवर ठेवलेला पाना बॉडीला टेकतो आणि वेल्डिंग होतं. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवावी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगी पुरते. म्हणून दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता लांब, इंजिनच्या धातूवर लावतात.

बॅटरी ठीक, तारा ठीक, तरी इंजिन रडत फिरतं. अशा वेळी क्लॅम्प मीटर कामाला येतो. घरगुती वायरमनकडचा अनेकदा फक्त एसी मोजतो, इथे डीसी मोजणारा हवा. सेल्फ हळू फिरत असताना प्रवाह नेहमीपेक्षा कमी असेल, तर वाटेत अडथळा आहे किंवा बॅटरीत जोर नाही. प्रवाह नेहमीपेक्षा खूप जास्त असेल, तर सेल्फ आतून घासतोय, बुश झिजलेत किंवा इंजिनच जड झालंय. विजेची मोटर जितकी हळू फिरेल तितका जास्त प्रवाह ओढते. वेग आला की तिच्यात उलटा दाब तयार होतो आणि तो प्रवाहाला लगाम घालतो. सेल्फ उतरवायचा की टर्मिनल घासायचं, हा निर्णय या एका आकड्यावर होतो.

इंजिन चालू झालं की बॅटरीचं काम संपतं आणि अल्टरनेटरचं सुरू होतं. चालू इंजिनवर बॅटरीच्या खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून इंजिन जरा वर, दीड-दोन हजार फेऱ्यांवर न्यावं. दाब साडेतेराच्या वर टिकला तर अल्टरनेटर कामाचा आहे. चढत पंधराकडे गेला तर कटआऊट, म्हणजे रेग्युलेटर गेला. अशी गाडी बॅटरीतलं पाणी उकळून काढते, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू होताच गेला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला जागं करणारा पहिला प्रवाह त्या दिव्यातूनच जातो. तिथे बल्ब उडाला तर चार्जिंग बंद, आणि दिवा लागत नाही म्हणून मालक खूश.

अल्टरनेटर आतून एसी वीज बनवतो आणि डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड गेला तर दाब जवळपास ठीकच दिसतो, पण क्षमता घटते आणि रेडिओत घरघर येते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर डायोड तपासावेत. इथे एक सावधगिरी. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही भुलतात आणि अठ्ठावीस-तीस असा भयंकर आकडा दाखवतात. टोकं उलटी लावली की शून्य. अशा मीटरने ही परीक्षा करू नये.

रस्त्यावर अल्टरनेटर तपासण्याची एक लोकप्रिय रीत मात्र कायमची सोडायला हवी: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी चालू राहते का’ बघणं. जुन्या डायनमोच्या काळात, गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं तेव्हा हे खपून गेलं. बॅटरी सर्किटमधली धक्के पचवणारी उशीही असते. भरपूर चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरपासून ती अचानक तोडली तर त्याला क्षणात आवरता येत नाही. संरक्षण नसेल तर दाब काही शतांश सेकंदांत शंभर व्होल्टच्या घरात उसळू शकतो. ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची, किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते.

अल्टरनेटरकडून एक अपेक्षा चुकीची केली जाते. पूर्ण उतरलेली बॅटरी भरणं हे त्याचं काम नव्हे, तिला टवटवीत ठेवणं हे त्याचं काम. धक्का मारून गाडी चालू केली, पुण्याच्या गर्दीत एसी लावून अर्धा तास फिरवली, म्हणजे बॅटरी भरली असं होत नाही. कमी वेगात अल्टरनेटर जेमतेम गाडीपुरतं कमावतो. उतरलेली बॅटरी चार्जरला लावावी, क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ला साडेतीन अँपिअर. अर्धवट भरलेली ठेवली की सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत.

सगळं ठीक असूनही दर आठवड्याला बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना कोणीतरी वीज पितंय. घड्याळ, चोरघंटा, ईसीयूची स्मृती यांना मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतात. तेवढेही दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ३५ची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी. २०२०च्या टाळेबंदीत पार्किंगमधल्या गाड्या एकापाठोपाठ एक का मेल्या, ते यावरून कळेल. गळती शोधायला ऋण टर्मिनल काढून मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत, मालिकेत लावतात. त्या अवस्थेत किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा. नव्या गाड्यांतले संगणक झोपायला अर्धा तासही घेतात, तोवर धीर धरावा. एकेक फ्यूज उपसण्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजणं बरं. ज्यावर वाचन येईल त्या वाटेने प्रवाह जातोय, आणि झोपलेला संगणकही उठत नाही. बहुतेकदा चोर निघतो तो बाहेरून बसवलेला: कॅमेरा, जीपीएस, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर.

बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा आहे. तापमान वाढलं की आतली झीज वेगाने होते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पलीकडे जातो तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल! पण गरम बॅटरी जोर चांगला देते, म्हणून मे महिन्यात काही कळत नाही. डिसेंबरच्या पहिल्या थंड पहाटे आम्ल सुस्त, इंजिनचं तेल घट्ट, आणि मे महिन्यात झालेली जखम तेव्हा उघडी पडते. थंडीआधी, दिवाळीच्या आसपास एकदा सेल्फ मारतानाचं वाचन घेऊन टिपून ठेवावं. गेल्या वर्षी १०.६ आणि यंदा ९.९ असेल तर इशारा पुरेसा आहे.

नव्या गाड्यांत वरचे काही आकडे फसवतात. कित्येकांत अल्टरनेटरचा दाब ईसीयू ठरवतो. गाडी सरळ धावताना तो साडेबारापर्यंत उतरवतो आणि ब्रेक मारताना १५पर्यंत चढवतो, इंधन वाचावं म्हणून. तिथे एकाच वाचनावर अल्टरनेटरला दोषी धरू नये. दिवे आणि ब्लोअर लावून काही मिनिटं पाहावं. ऋण टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर चार्जरचा काळा चिमटा थेट खांबावर न लावता चॅसीवर लावावा, नाहीतर आत गेलेल्या चार्जचा हिशेब गाडीला कळत नाही. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला तिच्यासाठीचीच, ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर जुळत नाहीत आणि शेकडो किलोमीटरची वीज पोटात असूनही गाडी उठत नाही. तिथे अल्टरनेटरच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. गाडी ‘रेडी’मध्ये ठेवून बारा व्होल्टच्या बॅटरीवर तेच साडेतेरा-चौदा पाहायचे. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. ट्रक आणि एसटीत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तिथे प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी, एकीचं दुखणं दोघींना ओढतं.

एवढं करून बॅटरीच दोषी निघाली तर ती जरूर बदलावी. क्षमता, लांबी आणि धन टर्मिनलची बाजू जुळवून घ्यावी. जुनी दुकानदाराकडेच द्यावी. तिचे पैसे वजा होतात आणि २०२२च्या नियमांप्रमाणे ती गोळा करून तिच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आणि नवी बसवून गाडी चालू झाली की दुकानातून निघण्याआधीच चालू इंजिनवर तिच्या खांबांना मीटर लावून पाहावा. तिथे १२.४ किंवा १५.२ दिसत असेल तर जुनीला ज्याने मारलं तो अजून गाडीतच आहे, आणि नव्या बॅटरीच्या गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का अजून ओलाच आहे.